हरकती-सूचना मागवायच्या तर नीट मागवा: पालिका आणि पंचायतीत काम करणाऱ्यांसाठी सविस्तर लेख

पेपरच्या सातव्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात जाहीर सूचना येते, तीस दिवस जातात, दोन-चार वकील आणि एखाद-दुसरा बिल्डर हरकत टाकतो, एक दिवस सुनावणी उरकली जाते आणि मग वर्षभराने जेसीबी आला की गाव रस्त्यावर बसतं. साहेब म्हणतात आम्ही तर हरकती मागवल्या होत्या, तेव्हा कुठे होतात? लोक म्हणतात आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात हीच यातली गंमत आहे.

हा लेख मुख्यतः नगरपरिषद, महापालिका, पंचायत, एखादं प्राधिकरण अशा ठिकाणी बसून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मुख्याधिकारी, नगररचनाकार, जेई (कनिष्ठ अभियंता), ग्रामसेवक, आणि ज्यांच्या गळ्यात ऐनवेळी "तेवढं जनसुनावणीचं बघा" असं पडतं ते सगळे. नागरिकांनी वाचला तरी चालेल, निदान समोरच्याकडून काय मागायचं ते तरी कळेल. मी हरकती लिहिल्यात आणि टेबलाच्या पलीकडे बसून लोकांच्या हरकती वाचल्यातही, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी पाठ आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असंय की मधल्या भागात, म्हणजे सभा, मंडप, माईक, बॅनर यात आपण सगळी ताकद घालवतो, आणि खरं बिघडतं ते दोन टोकांना: विचारायच्या आधी नक्की काय विचारतोय हे ठरलेलं नसतं, आणि विचारून झाल्यावर कुणाला उत्तर जात नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. तालुक्याचं गाव आहे, बाजारपेठेतला रस्ता ९ मीटरचा आहे, नगरपरिषदेला तो १२ मीटर करायचाय. उदाहरण काल्पनिक आहे पण असा रस्ता नसलेलं तालुक्याचं गाव मला तरी माहीत नाही.

१. आधी तीन याद्या करा

जाहीर सूचना टाइप करायच्या आधी एका कागदावर तीन याद्या लिहा. पहिली, काय ठरलेलंच आहे आणि लोक काहीही म्हणाले तरी बदलणार नाही. दुसरी, काय खुलं आहे. तिसरी, आपल्यालाच काय माहीत नाही आणि लोकांकडून कळू शकतं.

आपल्या रस्त्याचं बघा. बाजारातून ट्रॅफिक हलत नाही, काहीतरी करायचंच आहे, हे ठरलेलं. किती मीटर, कुठल्या बाजूला, सगळीकडे सारखं की काही ठिकाणी कमी, पार्किंग कुठे, काम कुठल्या महिन्यात करायचं, हे खुलं. आणि कुठल्या दुकानाच्या मागे कुणाचं राहतं घर आहे, आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्या नक्की कुठे तुंबतात, पावसात पाणी कुठल्या बाजूने येतं हे आपल्याला माहीत नाही, रोज तिथे बसणाऱ्या भाजीवालीला माहीत आहे.

दुसऱ्या यादीत काहीच आलं नाही तर सरळ हरकती मागवण्याचं नाटक करू नका. कायद्याने मागवाव्याच लागत असतील तर मागवा, पण लोकांना तोंडावर सांगा की निर्णय झालाय, मोबदला आणि कामाचं वेळापत्रक यावर बोला. लोक चिडतील, पण जी चीड फसवणुकीची असते ती फार वर्षं टिकते.

इंग्लंडमध्ये ब्रेंट नावाच्या लंडनच्या एका भागातल्या कौन्सिलने शाळा बंद करायचं ठरवलं होतं, त्यावरून १९८५ मध्ये कोर्टात प्रकरण गेलं आणि तिथून चार कसोट्या निघाल्या ज्या तिकडची कोर्टं अजून लावतात: प्रस्ताव कच्चा असतानाच विचारा, लोकांना विचार करून बोलता येईल एवढी माहिती आणि कारणं द्या, पुरेसा वेळ द्या, आणि आलेलं म्हणणं निर्णय घेताना मनापासून विचारात घ्या. आपल्या कायद्यांत हे एकत्र असं लिहिलेलं नाही पण तुकड्या-तुकड्यांत सगळं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ म्हणजे फक्त वेबसाइटवर कर्मचाऱ्यांची यादी टाकणं अशी समजूत आहे, त्यातच ४(१)(क) आहे, महत्त्वाची धोरणं आखताना आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी माहिती स्वतःहून द्यायची. आणि ४(१)(ड), ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं द्यायची. हे दुसरं कलम शेवटी परत लागणारे.

कच्चा असताना विचारा म्हणजे चुकांनी भरलेला असताना छापा असं मात्र नाही. मुंबईचा विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते, असलेल्या वास्तू नकाशात गायब, की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि शेवटी १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. विचार करा, हजारो लोकांनी हरकती लिहिण्यात वेळ घातला तो बराचसा प्रूफरीडिंग करण्यात गेला. प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येक वॉर्डातले चार जाणते लोक बोलवून नकाशा टेबलावर पसरून "यात काय चुकलंय" एवढं विचारलं असतं तरी निम्मं काम झालं असतं असं माझं मत आहे. गोव्यात तर २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर उतरल्यावर २००७ च्या सुरुवातीला मागेच घ्यावा लागला, आणि पुढचा आराखडा करताना मसुदे गावागावांत पंचायतींकडे पाठवून मतं मागवायची वेळ आली. तेच आधी केलं असतं तर?

२. झळ कुणाला बसणार त्यांची यादी

मालमत्ता कराचं रजिस्टर उघडलं की मालकांची नावं मिळतात आणि आपण तिथेच थांबतो. रस्ता रुंद झाला तर मालकाला मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क, मिळेल, पण तीस वर्षं त्याच गाळ्यात शिलाई मशीन चालवणारा भाडेकरू कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. ओट्यावर बसणारी, हातगाडीवाले, टपरीवाले, हमाल, रिक्षावाले, शाळेत चालत जाणारी पोरं, वर माडीवर एकट्या राहणाऱ्या आजी, यातलं कुणीच नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे समिती असायला हवी आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, ती आपल्या गावात असेल तर तिला आधी बोलवा, नसेल तर हे निमित्त करून बनवा.

यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्या रस्त्यावरून चालणं. सकाळी शाळेच्या वेळेला एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी बाजार भरात असताना एकदा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वेगळं. वही घेऊन जा, साहेबाची गाडी नको. कोण कुठे बसतं, कोण किती वेळ असतं एवढं लिहिलं तरी यादी तयार होते, आणि मग प्रत्येक गटासमोर लिहा की यांच्यापर्यंत निरोप कोण नेईल. बचत गटाची अध्यक्ष, आशा ताई, अंगणवाडी सेविका, व्यापारी संघटनेचा सेक्रेटरी, मशिदीचे ट्रस्टी, भजनी मंडळ, रिक्षा स्टँडवरचा म्होरक्या. नगरसेवकांना अर्थातच सांगा पण निरोप फक्त त्यांच्यामार्फत जाऊ देऊ नका, कारण तो त्यांच्या माणसांपर्यंतच जातो. (२०२२ नंतर बऱ्याच महापालिकांमध्ये निवडणुका लांबल्या आणि प्रशासकच सगळं बघत होते, त्या काळात तर लोकांना गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकही नव्हता, तेव्हा हरकत हाच एक दरवाजा उरला होता.)

३. नोटीस आणि नकाशा माणसाला कळेल असा

कायद्यातला मजकूर जसा लागतो तसा राजपत्रात आणि पेपरात द्यायचाच, त्यात बदल करू नका, उगाच कोर्टात अडकाल. पण "तमाम नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील सि.स.नं. अमुक ते तमुक मधील..." हे वाचून कुणाला आपलं दुकान जाणार हे कळत नाही. म्हणून सोबत एक साधी नोटीस काढा, साधारण अशी:

"बाजारपेठेतला रस्ता रुंद करायचा प्रस्ताव आहे. मारुती मंदिर ते एसटी स्टँड. आत्ता साधारण ९ मीटर आहे, १२ मीटर करावा असं नगरपरिषदेला वाटतं. दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या आणि काही दुकानांचा पुढचा भाग जाऊ शकतो. रस्ता नक्की किती, कुठे आणि कुठल्या बाजूला वाढवायचा हे अजून ठरलेलं नाही, त्यावर तुमचं म्हणणं हवंय. नकाशा नगरपरिषदेत, एसटी स्टँडवर आणि भाजी मंडईत लावलाय. मालक, भाडेकरू, फेरीवाले, रोज ये-जा करणारे, कुणीही अमुक तारखेपर्यंत सांगू शकतं. लिहिता येत नसेल तर नगरपरिषदेत या, आम्ही लिहून घेऊ."

एवढं पुरे. यात सर्व्हे नंबरच्या जागी मारुती मंदिर आलं, नुकसान काय होऊ शकतं ते लपवलं नाही, आणि कोण बोलू शकतं ते स्पष्ट सांगितलं. "मालक, भाडेकरू, फेरीवाले" हे वाक्य विसरू नका, कारण भाडेकरूला कायम वाटतं की आपला काय संबंध.

नकाशाचंही तसंच. नगररचनेच्या शीटवर रंग आणि कोड असतात, ते तज्ज्ञांसाठी ठीक. लोकांसाठी मोठ्या फ्लेक्सवर गुगलच्या उपग्रह फोटोवर रेघ मारून द्या, दुकानांची नावं लिहा, मंदिर, शाळा, बँक, जुना पिंपळ दाखवा. आणि जमलं तर जागेवरच खडूने किंवा चुन्याने रेघ मारा. चुन्याच्या रेघेने जेवढ्या हरकती येतात तेवढ्या दहा जाहिरातींनी येत नाहीत, म्हणूनच काही साहेबांना ती आवडत नाही!

भाषेवरून मोठं प्रकरण झालं ते २०२० मध्ये. केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, इंग्रजी आणि हिंदीत, तोही लॉकडाऊनमध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत भाषांतर करा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. आपल्याकडे मराठी असतेच पण ती सरकारी मराठी असते, आणि मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे भिलोरी-पावरी बोलणाऱ्यांना तीही परकीच. तिथे छापील कागदापेक्षा त्या भाषेत बोलणारा माणूस गावात पाठवा. दवंडी अजून चालते, रिक्षावर स्पीकर चालतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर दीड मिनिटाचा ऑडिओ सगळ्यात जास्त चालतो.

४. मुदत

कायद्यात जी मुदत असेल ती किमान समजा. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करायचा तर राजपत्रात सूचना काढून एक महिन्यात हरकती मागवतात. पर्यावरणाच्या जनसुनावणीला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान ३० दिवसांची नोटीस लागते. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणातही (कायदा करण्याआधी लोकांना विचारायचं धोरण) मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवा असं आहे.

पण ३० दिवस मोजायचे कधीपासून? पेपरात सूचना आली सोमवारी आणि नकाशा लागला पुढच्या गुरुवारी, वेबसाइटवरची पीडीएफ उघडतच नाही, असं असेल तर तुमचे ३० दिवस म्हणजे लोकांचे जेमतेम वीस झाले. कागद खरोखर बघायला मिळाला त्या दिवसापासून मोजा आणि तशी नोंद ठेवा. गणपती, दिवाळी, पेरणी-कापणी, दहावी-बारावीच्या परीक्षा, यात्रा, हे दिवस टाळा. गणपतीत कोकणात तर मुंबईकर गावी आलेला असतो, तेव्हा उलट बैठक त्याच आठवड्यात घेतली तर जमीनमालक सापडतो, पण मुदत त्याच आठवड्यात संपवू नका. आणि मुदत वाढवून द्यायची असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला जाहीर करू नका, जो धावत-पळत हरकत देऊन गेला त्याला मूर्ख बनवल्यासारखं होतं.

५. हरकत घेताना

एक पानाचा फॉर्म ठेवा, नाव, पत्ता किंवा दुकानाची जागा, काय म्हणणं आहे, काय बदल हवाय, सुनावणीला यायचंय का. आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका, गरज नसते. ज्याला लिहिता येत नाही त्याचं क्लार्कने लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. व्हॉट्सॲपवर आलेलं म्हणणंसुद्धा प्रिंट काढून आवकला घ्या, आणि कायद्याला सहीचा कागद लागत असेल तर त्या माणसाला फोन करून बोलवा.

पोच द्यायचीच. आवक क्रमांक आणि तारखेसह. पोच मिळत नाही ही लोकांची पहिली तक्रार असते आणि फुकटात सुटणारी आहे. पुढे उत्तर पाठवायलाही हाच क्रमांक कामाला येतो.

झेरॉक्स हरकतींबद्दल थोडं. एकच मजकूर, खाली वेगवेगळ्या सह्या, असे गठ्ठे येतात. पुण्याच्या २०१३ च्या विकास आराखड्यावर ८० हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या होत्या, त्यात अर्थातच असे गठ्ठे बरेच असणार. अधिकारी वैतागून म्हणतात ही एकच हरकत धरा. मला हे पटत नाही, पण ८० हजार वेगळ्या हरकती धरणंही खरं नाही. दोन आकडे ठेवा: मुद्दे किती आणि एका मुद्द्यामागे माणसं किती. तीनशे जणांनी सही केली म्हणजे तो मुद्दा बरोबर ठरत नाही, पण तीनशे लोकांना त्याची काळजी आहे एवढं कळतं. आणि कुणा एकट्या बाईने लिहिलेली "माझ्या घराचा जिना जातो, मी वर जाणार कशी" ही एकच हरकत गठ्ठ्याखाली दबू देऊ नका.

६. बैठका आणि सुनावणी

एक मोठी सभा घेऊन मोकळं होऊ नका. मोठ्या सभेत पाच-सहा जण बोलतात, तेच जे नेहमी बोलतात. त्याआधी छोट्या बैठका घ्या, गटागटाच्या, त्यांच्या जागेवर आणि त्यांच्या वेळेला. व्यापाऱ्यांची रात्री दुकान वाढवल्यावर, भाजीवाल्यांची दुपारी मंडई थंड असते तेव्हा, बायकांची वेगळी. ग्रामपंचायतीत तर ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायदाच सांगतो, ती अनेक ठिकाणी सह्यांपुरती उरते हा भाग वेगळा. शहरांसाठी २००९ साली क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली होती, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली, पण छोट्या बैठका घ्यायला कुणाची बंदी नाही.

ग्रामसभेचा एक जुना डाव सांगतो. कोरम (ठरलेली किमान हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग दहा-बारा लोकांत विषय मंजूर. कायदेशीर आहे. पण मोठा विषय, खाण, गायरान, क्रशर असला काही असेल तर असं करून मिळवलेला ठराव पहिल्याच आंदोलनात उडतो, त्यामुळे वादाचा विषय तहकूब सभेत घेऊच नका.

आता मोठ्या सुनावणीचं. पर्यावरणाच्या जनसुनावणीचे नियम यात बरे आहेत, बाकी सुनावण्यांनाही चालतील. तिथे जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा अधिकारी अध्यक्ष नसतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजन करतं, प्रकल्पाच्या जागेवर किंवा जवळ घ्यायची, प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत आधी ठेवायचा, पूर्ण व्हिडिओ शूटिंग, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा तिथेच लोकांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. "तुम्ही हे हे म्हणालात, बरोबर?" असं वाचून दाखवलं की माणूस म्हणतो, नाही साहेब, मी पाण्याचंही बोललो होतो, ते राहिलं. ते लगेच लिहायचं. इतिवृत्तावरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

हॉलची मांडणी करताना स्टेज शक्यतो टाळा. साहेब वर, लोक खाली, मध्ये पोलीस, हे बघून माणूस आधीच भांडायच्या तयारीने येतो. दीपप्रज्वलन, हार-तुरे, सत्कार, प्रास्ताविक, आमदारांचं भाषण यात पाऊण तास जातो आणि मग "वेळेअभावी थोडक्यात बोला" ऐकावं लागतं. सगळं रद्द. पहिली १५ मिनिटं जेईने नकाशावर बोट ठेवून सांगावं काय ठरलंय, काय खुलंय, आणि मग माईक लोकांकडे. बोलण्याचा क्रम आल्याच्या नोंदीप्रमाणे, पण ज्यांचं घर किंवा दुकान थेट जातं त्यांना आधी. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं, नगराध्यक्षांनाही. माईक हातात देणारा माणूस पालिकेचा नको, कॉलेजची पोरं ठेवा. मागच्या भिंतीवर मोठे कागद लावून ठेवा, ज्याला माईकवर बोलायचं नाही तो तिथे लिहील किंवा लिहून घेईल, आणि खरं सांगतो, कामाचं जास्त तिथेच मिळतं.

अधिकाऱ्याने मध्ये मध्ये उत्तरं देऊ नयेत. माहिती चुकीची असेल तर दुरुस्त करावी, बाकी लिहून घ्यावं. तिथल्या तिथे "हे शक्यच नाही" म्हटलं की पुढचे दहा जण बोलत नाहीत, आणि "करून टाकू" म्हटलं की तुम्ही अडकलात. आरडाओरडा होणारच. ज्याचं दुकान जातंय तो सभ्य भाषेत कसा बोलेल? पहिली वीस मिनिटं राग निघू द्या, पोलिसांना हॉलच्या बाहेर ठेवा. मारामारीची वेळ आली तर सुनावणी तहकूब करून नवीन तारीख द्या, गोंधळात "सर्वानुमते मंजूर" लिहून उठू नका.

७. उत्तर, हेच खरं काम

इथे आपण सगळ्यात कमी वेळ देतो. आराखड्याच्या बाबतीत नियोजन समिती असते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले जास्तीत जास्त चार जाणकार, ती सुनावणी घेऊन अहवाल देते. पण हरकतदाराला बऱ्याचदा कळतच नाही की त्याच्या कागदाचं काय झालं. आणि उत्तर दिलंच तर "आपली हरकत नियमानुसार तपासून दप्तरी दाखल करण्यात आली आहे." हे उत्तर असतं का?

चांगला नमुना हवा असेल तर वीज नियामक आयोगाचे वीजदराचे आदेश उघडून बघा. दरवाढीवर ग्राहक, संघटना, उद्योजक लेखी म्हणणं देतात, सुनावणी होते, आणि आदेशात मुद्द्यागणिक तीन गोष्टी छापलेल्या असतात: आक्षेप काय होता, महावितरणने काय उत्तर दिलं, आयोगाचं मत काय. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागतोच असं नाही, पण आपलं म्हणणं वाचलं गेलं हे दिसतं आणि अपिलात जायचं तर कशावर जायचं ते कळतं.

आपल्या रस्त्यासाठी तसंच करा. हरकती मुद्द्यांप्रमाणे लावा, बहुतेक वेळा पंधरा-वीस मुद्द्यांत सगळं बसतं. मग असं:

"मुद्दा ४: शाळेसमोर रस्ता रुंद झाला तर गाड्यांचा वेग वाढेल, मुलांना धोका. बहुतेक पालकांनी मांडला. उत्तर: मान्य. शाळेसमोरच्या भागात गाड्यांचा रस्ता ९ मीटरच राहील, वाढीव जागेत फुटपाथ होईल. नकाशात बदल केला आहे.

मुद्दा ७: रुंदीकरण करूच नका, बायपास करा. उत्तर: अमान्य. बाजारात माल उतरवायला येणाऱ्या गाड्या बायपासने जाणार नाहीत आणि कोंडी त्यांचीच होते, तसंच बायपासची जागा आपल्या हद्दीबाहेर आहे. मात्र बाहेरून जाणाऱ्या ट्रकसाठी बायपास व्हावा असा वेगळा ठराव करून वर पाठवत आहोत.

मुद्दा ११: माडीवर जाणारे जिने तुटतील. उत्तर: अंशतः मान्य. असे जिने कुठे कुठे आहेत ते मोजणीत बघून आतून जिना बांधायला परवानगी फीशिवाय देऊ."

नाही म्हणताना कारण द्या आणि खरं कारण द्या. पैसे नाहीत हे कारण असेल तर तेच लिहा, "तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही" असं मोघम नको. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की जनसुनावणीत आलेल्या आक्षेपांवर तज्ज्ञ समितीने विचार केला हे कारणांसह दिसायला हवं. वर सांगितलेलं ४(१)(ड) पण हेच म्हणतं. तेव्हा हे काही तुमचे उपकार नाहीत, करायचंच काम आहे.

हा तक्ता निर्णय व्हायच्या आधी सभागृहासमोर किंवा प्रशासकासमोर ठेवायचा, ठराव झाल्यावर नाही. ज्यांनी ठरवायचंय त्यांनी निदान मुद्दे वाचलेले असावेत, आणि ठरावात तक्त्याचा उल्लेख यावा. मग तो जिथे नकाशा लावला होता तिथेच लावा, वेबसाइटवर टाका, आणि पोच दिलेल्या प्रत्येकाला मेसेज पाठवा: "तुमची हरकत क्रमांक अमुक, मुद्दा ४ आणि ११ मध्ये आहे, उत्तर इथे बघा." हजार मेसेजचा खर्च एका फ्लेक्सपेक्षा कमी येतो.

८. विचारलं आणि मग गप्प बसलो तर

रायगडमध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने जनमत घेतलं. शेतकऱ्यांनी रांगा लावून मतं दिली. देशात असं क्वचितच झालं असेल. आणि मग सरकारने निकालच अधिकृतपणे जाहीर केला नाही. विरोधातलं मत आलं तर काय करायचं हे मत घेण्याआधी ठरलेलं नव्हतं असंच यातून दिसतं, म्हणून विचारण्याआधीच लिहून ठेवा की उत्तर काहीही आलं तरी अमुक तारखेला ते जाहीर होणार.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकार आहे, लोक आपल्या भागातली छोटी कामं, फुटपाथ, दिवे, बसस्टॉप, बाक, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून सुचवतात. कल्पना चांगलीच आहे. पण अशा उपक्रमात दुसऱ्या वर्षी माणूस येतो की नाही हे पहिल्या वर्षीच्या बाकाचं काय झालं यावर अवलंबून. काम घेतलं असेल तर जागेवर छोटी पाटी, "हे काम नागरिकांच्या सूचनेतून", आणि घेतलं नसेल तर का नाही ते दोन ओळींत कळवायचं. ग्रामपंचायतीत "आमचा गाव, आमचा विकास" आराखडा करतानाही हेच. मागच्या वर्षीच्या कामांची यादी आधी वाचायची, किती झाली, किती राहिली, का राहिली, आणि मग नवीन मागायची.

खर्चाचं आणि माणसांचं शेवटी सांगतो कारण तोच प्रश्न सगळे पहिला विचारतात. एका रस्त्यासाठी एक क्लार्क अर्धा दिवस, एक जेई आठवड्यातून दोन संध्याकाळ, फ्लेक्स, रिक्षा, चहा, आणि शेवटी तक्ता करायला एखादा आठवडा, एवढ्यात होतं. हे बजेट प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरा, वेगळी मंजुरी मागत बसलात तर मुदत संपून जाईल. कन्सल्टंटला काम दिलं असेल तर त्याने बैठका घेतल्या तरी चालतील पण उत्तरं पालिकेच्या अधिकाऱ्यानेच लिहायची, सहीही त्याचीच, कारण दोन वर्षांनी लोक कन्सल्टंटला शोधायला जाणार नाहीत. फाइलमध्ये तिन्ही याद्या, साधी नोटीस, नकाशा लावल्याचे तारखेसह फोटो, आवक रजिस्टर, बैठकांच्या नोंदी, व्हिडिओ आणि उत्तरांचा तक्ता एकत्र ठेवा. बदली झाली तर पुढच्या साहेबाला हीच फाइल द्यायची, आणि काम सुरू करताना वर्क ऑर्डरसोबत ठेकेदारालाही तक्त्याची एक प्रत द्या, नाहीतर शाळेसमोर ९ मीटर ठेवायचं ठरलंय हे त्याला माहीतच नसतं आणि तो पहिल्याच दिवशी १२ मीटरची चर मारून मोकळा होतो.